रिपोर्ट यायच्या आधीची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष देणाऱ्याला लई मान. कोर्टातली साक्ष नव्हे. रविवारी उपासनेत गीतं झाली की पाळकसाहेब विचारतात, या आठवड्यात देवानं कुणासाठी काही केलं असेल तर उभं राहून सांगा. मग एखादा उठतो, सांगतो, सगळे ‘स्तुती असो’ म्हणतात, आणि खाली बसताना तो माणूस मघापेक्षा दोन इंच उंच झालेला असतो. मला ही उंची फार आवडते. मुलाची दहावी, हरवलेलं रेशनकार्ड, मूतखडा, आजवर मी सगळ्यांवर साक्ष दिली आहे. मूतखड्यावर दोनदा. खडा एकच होता.

तर गेल्या वर्षी बायकोच्या उजव्या छातीत गाठ हाताला लागली. बेळगावातल्या डॉक्टरांनी सुई घालून तपासणी केली आणि रिपोर्ट पुढच्या बुधवारी अकराला मिळेल म्हणाले. बायको मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे सूचना स्पष्ट देते. रिपोर्ट येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. “तुमच्या पोटात जेवण सोडून काय ऱ्हात न्हाई,” असंही म्हणाली. शनिवारी ती निपाणीला आईकडे निघून गेली, ती मंगळवारी संध्याकाळी यायची होती. आजारी ती होती, पण माझं तोंड बघून तिला जास्त भ्या वाटत होतं.

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या आमच्या घरात मी एकटा उरलो. कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. त्या आठवड्यात एकाला बेअरिंगऐवजी झाडू दिला आणि त्यानं सही करून तो नेलाही.

रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावरचा माणूस साक्षीला उभा राहिला. त्याची चोरीला गेलेली मोपेड सांबऱ्याला विमानतळाच्या कुंपणापाशी सापडली होती, आणि टाकीत चोरीच्या आधी होतं त्याहून जास्त पेट्रोल होतं. मंडळी नुसती खूश. चोराच्या पैशाचं पेट्रोल कितपत चालतं, हे कुणी विचारलं नाही. तो खाली बसला आणि मी उठलो.

शपथेवर सांगतो, मी प्रार्थनेची विनंती करायला उठलो होतो. पण समोर दीडशे तोंडं मोपेडनं उजळलेली, आणि माझ्या तोंडून निघालं की माझ्या बायकोच्या छातीत गाठ होती आणि देवानं ती काढून टाकली. रिपोर्ट साफ आला. डॉक्टर म्हणाले, गाठ कुठं गेली आम्हालाच कळंना. डॉक्टरांच्या तोंडी मी हे एक वाक्य घातलं, मग ते एकटं पडू नये म्हणून आणखी दोन घातली. शेवटी तर डॉक्टरांचे डोळे भरून आले.

आता वाटतं, ती गोष्ट एकदा तरी मोठ्यानं ऐकावी अशी मला भूक लागली होती. दुसरं कुणी सांगेना, म्हणून माझ्याच आवाजात ऐकली. दोन मिनिटं फार बरं वाटलं.

तिसऱ्या मिनिटाला मंडळीतल्या आक्का उठल्या. वय पंचाहत्तर, महिला मंडळ त्यांच्या हुकमात. एवढ्या मोठ्या कृपेची उपकारस्तुती घरी जाऊन करायची, असं त्यांनी जाहीर केलं. मी म्हणालो, ती निपाणीला आहे, मंगळवारपर्यंत. आक्का म्हणाल्या, मंगळवारी येतीया न्हवं? मग ती यायच्या आत आम्ही जमतो. मी आणखी दोन सबबी सांगितल्या, त्यांना त्यात नम्रता दिसली.

मंगळवारी संध्याकाळी बायको निपाणीच्या बसमधून उतरून घरी आली, तर फाटकापर्यंत चपलाच चपला, आणि आतून गाण्याचा आवाज. आमची माणसं आनंदाचं गीतही अशा संथ चालीत म्हणतात, की बाहेरून बारसं आहे की मयत ते कळत नाही. तिला वाटलं, मी गेलो. ती पिशवी घेऊन फाटकातच खाली बसली. तेवढ्यात कुणीतरी शिऱ्याची ताटली घेऊन बाहेर आलं, आणि मयताला शिरा करत नाहीत हे तिच्या ध्यानात आलं. मग बायकांनी तिला उभी करून मिठ्या मारल्या. कुणी कानशिलावर बोटं मोडली, कुणी रडलं. तिनं गर्दीतून मला शोधलं आणि डोळ्यांनीच स्वयंपाकघरात बोलावलं.

“अवो, रिपोर्ट उद्याच हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग ही समदी कशाबद्दल जेवायलीत?”

मी सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग कढईकडे बघत राहिली. उभ्यानंच तिनं दोन घास शिरा खाल्ला. म्हणाली, “जावा, भाईर जाऊन खरं सांगा.”

मी बाहेर गेलो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ केला आणि आल्याबद्दल सर्वांचे आभार मानले.

बुधवारी सकाळी, अजून दूधवालाही आला नव्हता, तेव्हा शेजारचे अण्णा दारात उभे. अण्णा शेतकरी. त्यांच्या घरी गणपती, आमच्या घरी नाताळ, आणि दोन्हीकडचा फराळ दोन्हीकडे. काल त्यांची बायको शिरा खाऊन गेली होती आणि सगळी हकीकत घेऊन गेली होती.

“म्हशीला मानंखाली गाठ आलीया,” अण्णा म्हणाले. “जनावराचा डॉक्टर चार दीस झालं येतो-येतो म्हणतोय. तुमी हात ठेवला की गाठ जाती म्हणं.”

मी त्यांना समजावलं की ते तसं नसतं, मी काही पाळक नाही, आणि शिवाय ही म्हैस आहे. अण्णांनी शांतपणे विचारलं, म्हशीला देव न्हाय व्हय? मी होतो तसा लुंगीवरच गेलो.

गोठ्यात अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मी म्हशीच्या मानेवर हात ठेवला, डोळे मिटले, आणि माझ्याकडे शब्दच नव्हते. ज्या माणसाला पाळकसाहेब जेवणाआधी प्रार्थना करायला सांगत नाहीत, कारण भात गार होतो, तो माणूस म्हशीपुढे मुका. म्हैस गरम होती, श्वास घेत होती. तिला माझ्याकडून कसलीच साक्ष नको होती. मग तोंडातून निघालं,

“देवा, मी खोटं बोललो. गाठ गेली न्हाय. मला लई भ्या वाटतंय. ती नसली तर मला काय जमणार न्हाय.”

तेवढंच. पुढे काहीच आलं नाही, आणि मी ओढून आणलंही नाही. इतक्या वर्षांत मी देवाला बातम्या देत होतो, त्या दिवशी पहिल्यांदा काही सांगितलं. छातीवर पंधरा दिवस बसलेलं कुणीतरी उठून बाजूला झालं असं वाटलं. ही शांती चर्चमध्ये मिळाली असती तर सांगायला बरं दिसलं असतं. पण मिळाली ती शेणात पाय असताना, त्याला काय करणार.

डोळे उघडले तर अण्णा माझ्याकडे बघत होते.

“म्हशीचं नाव काय घेतलं न्हाईसा,” ते म्हणाले.

मी परत डोळे मिटले आणि म्हशीचंही सांगितलं. अण्णांनी टोपी घातली. मला दारापर्यंत पोचवून म्हणाले, “तुमास्नी भ्या वाटत न्हाय असं वाटलं, म्हणून आलतो. वैनीस्नी किती वाजता न्यायचं हाय? मी गाडी काढतो.”

त्यांच्या गाडीत मागं कडब्याचा भुसा होता. त्यात बसून आम्ही रिपोर्ट आणायला गेलो.

“अंजब्याडरी,” असं डॉक्टर आधी कन्नडमध्ये म्हणाले, आणि मग घाबरू नका असं मराठीत. डॉक्टर दोन भाषांत धीर द्यायला लागले की समजावं. गाठ कॅन्सरची होती. लवकर सापडली होती, ऑपरेशन करायचं, मग औषधं. डॉक्टरांचे डोळे बिलकूल भरून आले नाहीत. बायकोनं वहीत सगळं लिहून घेतलं आणि शाळेत रजेचा अर्ज कधी द्यावा ते विचारलं. मी तिचा हात धरून बसलो.

रविवारी साक्षीची वेळ झाली आणि मी उठलो. माणसं आधीच हसतमुख. मी म्हणालो, मागच्या रविवारी मी दिलेली साक्ष खोटी होती. गाठ आहे, कॅन्सरची आहे, उद्या सोमवारी ऑपरेशन आहे. मोपेडवाल्यानं सवयीनं ‘स्तुती असो’ म्हटलं, आणि मग त्याचं त्यालाच कळून तो बाकाखाली काहीतरी शोधायला लागला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आक्का उठल्या.

“व्हय रं,” त्या म्हणाल्या, “दोन किलो रवा घातलता मी.”

मी मान खाली घातली.

“आता रगात किती लागतंय ते सांग. आन् डबा कोण-कोण आणणार, त्यांनी हात वर करा.”

हात वर झाले. बायकांच्या बाजूला माझी बायको खुदकन हसली. गाठ सापडल्यापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी तिनं गळ्यातली पोत, काळ्या मण्यांची आणि लहानशा क्रूसाची, काढून माझ्या मुठीत ठेवली. प्रार्थना करा म्हणाली, पण थोडक्यात, ही माणसं थांबणार न्हाईत. स्ट्रेचर ढकलणारा खरंच घड्याळ बघत होता.

“प्रभू, ही तुझ्या हातात,” मी म्हणालो. “मी भाईर बसतो.”

“बास?”

“बास.”

“मग मला भ्या न्हाई,” ती म्हणाली. आणि तिला आत नेलं.

बाहेर बाकावर आक्का, पाळकसाहेब, अण्णा आणि मंडळीतली दहाएक माणसं. त्यांनी हळू आवाजात गीत धरलं. पंधरा-वीस दिवस धड झोप नसलेला मी, बायको आत टेबलावर असताना, पाळकसाहेबांच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून घोरायला लागलो. दुसऱ्या कडव्याच्या पुढचं मला काही आठवत नाही. पेशंटचे मालक कोण असं नर्सनं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी लाजत माझ्याकडे बोट दाखवलं म्हणे.

डॉक्टरांनी खांदा हलवून उठवलं. ऑपरेशन नीट झालं, गाठ पूर्ण निघाली, पण काखेतला तुकडा तपासायला पाठवलाय, तो रिपोर्ट आल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं, आणि पाळकसाहेबांना शेजारी उभं करून ऐकायला लावलं. पुढे मी सांगेन तेव्हा त्यात काही वाढलं, तर धरायला माणूस हवा.

आत गेलो तर ती अर्धवट शुद्धीत. ओठ कोरडे. मला ओळखून तिनं विचारलं,

“काय म्हणाले?”

मी जेवढं होतं तेवढंच सांगितलं.