स्टेपलर घेऊन संतपूरला

"पाच झाडांना शेंगा लागल्यात," अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, संतपूरला गावातच दिलेली. दुसऱ्याच दिवशी मी पुण्याहून कलबुर्गीची गाडी पकडली.

जाणार असाल तर डिसेंबरात जा, शाल घ्या. कलबुर्गीत चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची भजी खा. स्वस्त आहे, पोट भरतं. हुमनाबादमार्गे बीदर, तिथून औरादची बस.

"आधार दाखवा बाई, कर्नाटकातल्या बायांना फुकट हाय," कंडक्टर म्हणाला.

"पुण्याचं आहे. पण माहेर संतपूर."

"माहेर कार्डावर छापत न्हाईत की!" बस हसली. मी तिकीट काढलं.

आमच्या घरची एक तांबडी तूर होती. आई वरण घोटायला लागली की वास अंगणापर्यंत यायचा. वांझ रोगाने ती संपत आली. डोळ्यांना न दिसणारी कोळी कीड ह्या रोगाचा विषाणू पानोपानी नेते. झाड मरत नाही, हिरवंगार राहतं. फुलत मात्र नाही. मुगावर केवडा पडतो तेव्हा उलटं असतं: पिवळं झाड आजारी, हिरवं निरोगी. कॉलेजात एवढंच शिकून मी सुट्टीत आले, तुरीतल्या सर्वांत हिरव्या झाडाला लाल दोरा बांधला आणि वडिलांना, अप्पांना बजावलं, "बी याचंच धरा." त्याला एक शेंग आली नाही.

मला नवे वाण तयार करायचे होते. लग्न झालं, शाळेत गणित शिकवलं.

यंदा जुलैत आईच्या मडक्यातलं उरलेलं बी अक्काने पेरलं. रोपं लहान असतानाच मी पुण्याहून येऊन वांझ झाडांची पानं एकेका रोपाच्या पानाला स्टेपलरने टाचली. रोग मुद्दाम लावायचा. ज्याला लागणार नाही, त्याचं बी धरायचं. दाजी बांधावरून ओरडले होते, "मास्तरीणबाई, हजेरी घ्यायलात का झाडांची?"

आता बघते तर ओळीच्या ओळी हिरव्या, वांझ. मधे पाच झाडं वाळलेली, शेंगांनी वाकलेली.

"लाल दोरा आणलीस का?" अक्काने विचारलं. मग शेंगा सोलून मूठभर तांबडं बी माझ्या हातावर ठेवलं. "वरण करू का ह्याचं? किती वर्षं झाली तुला खाऊन."

तोंडाला पाणी सुटलं.

"न्हाई," मी म्हणाले. "एका सालात कळत न्हाई. ह्यांच्यावर कीड चढलीच नसंल. पुढच्या साली पुन्हा पानं टाचायची."

"अन् समदीच वांझ निघाली तर?"

"निम्मं मडक्यात ठेव," मी म्हणाले.

पुण्यात आल्यावर बाजारच्या तुरीचं वरण लावलं. बरं झालं होतं. तरी कुकरचं झाकण काढून मी क्षणभर थांबलेच, वास येतो का बघायला. स्टेपलर अजून प्रवासाच्या पिशवीतच आहे.