बाबूजींच्या मरणाच्या तालमी

आपल्या मरणाच्या इतक्या तालमी घेतलेला दुसरा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या साऱ्या जंगलपट्ट्यात झाला नाही, आणि पुढे कोणी होईल असंही मला वाटत नाही. बाकीची माणसं एकदाच मरतात, तीही बिनतयारीने. आमच्या घरामागे राहणारे डेपोवाले बाबूजी मात्र वर्षातून एकदा-दोनदा तरी मरत. पिशवीत कपडे, अडकित्ता आणि सुपारी घालून ते सकाळीच निघत, ज्याची पाळी असेल त्याच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "जयभीम. मी आजपासून मेलो. बेबीले सोडून चाललो. शुक्रवारी येतो." मग ते बसस्टँडवर जात आणि मेलेल्या माणसाला न शोभणाऱ्या चपळाईने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत.

त्यांची सारी नोकरी सरकारी लाकूड डेपोत गेली होती. सागाच्या ओंडक्याच्या तोंडावर बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि आतून पोकळ की भरीव ते सांगायचं, हा त्यांचा छंद. निवृत्त झाल्यावर ओंडके संपले, तेव्हा ते माणसांकडे वळले. आम्ही या गल्लीत राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "भरीव आहे. पण वाळलं नाई अजून." मी ते कौतुक समजलो आणि आठवडाभर ताठ चाललो. ओलं लाकूड चौकटीला लावलं की ते पुढे वाकतं आणि दार बसत नाही, हे मला बायकोने सांगितलं. लाकडाबद्दल नाही, माझ्याबद्दल सांगितलं, एवढाच फरक.

पण या टकटकीमागे एक काळजी होती. बाबूजींची बायको लवकर गेली आणि मागे राहिली एकुलती एक बेबी. तेव्हा तिची तिशी उलटलेली. समज लहान मुलीची, असं डॉक्टर म्हणत. बाबूजींना ते साफ नामंजूर होतं. "लहान पोरगी एवढा मोकळा भात शिजवते का?" ते विचारत. बेबी भात उत्तम करायची, अंगण आरशासारखं झाडायची आणि गल्लीतल्या प्रत्येक शेळीला नावाने ओळखायची. फक्त काल आणि उद्या यांतला फरक तिच्या हाती लागत नसे, आणि कोणी गोड बोललं की ती त्याच्यामागे चालू लागे. बाबूजींना नेमकी त्याची धास्ती. "रिटायर झालो तेव्हा डेपोतल्या हातोड्यापासून खुर्चीपर्यंत साऱ्याचा चार्ज देल्ला, वकीलसाहेब. समोरच्यानं मोजून घेतला, सही केली," ते म्हणत. "आता बेबीचा चार्ज कोणाले देऊ?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारावा, हे त्यांचं दुर्दैव. माझी वकिली म्हणजे कोर्टाच्या आवारात काळा कोट घालून चहा पिणं. तरी मी छाती काढून म्हणालो, "त्यात काय? पालक नेमून घेऊ," आणि एक खणखणीत अर्ज लिहिला. न्यायाधीशांनी तो वाचला, बेबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, हा कायदा अठराच्या आतल्या मुलांसाठी आहे. या बाई तुमच्या बरोबरीच्या दिसतात." बेबीला ते आवडलं. ती न्यायाधीशांकडे पाहून गोड हसली. मी मात्र पंख्याकडे पाहत बाहेर आलो.

मग मी मृत्युपत्राला हात घातला. 'सदरहू', 'उपरोक्त' आणि 'वंशपरंपरागत' असे झणझणीत मसाले घालून असं मृत्युपत्र केलं, की माझं मलाच मरावंसं वाटलं. घर थेट बेबीच्या नावावर. बाबूजींनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. बेबी दुसऱ्या परिच्छेदात झोपली. वाचून झाल्यावर बाबूजी सुपारी कातरत म्हणाले, "बेस लिवलं. अन् उद्या कोणी पेढा देऊन तिचा अंगठा घेतला तं?" मी दुसरं मृत्युपत्र केलं. घर बेबीचंच, पण सांभाळायला पालक, आणि विकायची त्याला मुभा नाही. "हे बराबर," बाबूजी म्हणाले. "आता पालकाचं नाव टाका." तिथे मी रिकामी जागा सोडली होती. ती जागा कितीतरी वर्षं तशीच रिकामी राहिली, आणि ती भरायलाच बाबूजींनी मरायला सुरुवात केली.

पहिली पाळी नागपूरच्या पुतण्याची. बाबूजी मेले आणि मूल गावी साळ्याकडे जाऊन राहिले. परत आले तो बेबी नव्या साडीत सोफ्यावर बसलेली, हातात बर्फीचा डबा. पुतण्या म्हणाला, "काका, बिलकुल तकलीफ नाई देल्ली ताईनं." बाबूजींनी त्याच्या पाठीवर टकटक केली आणि बेबीला घेऊन पुढच्या बसने परतले. दुसरी पाळी कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांची. मास्तर मोठे प्रेमळ, त्यांच्या बेगमही तशाच. बेबीने झाडू घेतला की मास्तर मशीन थांबवून ओरडत, "अरे बेटी, तू बैठ! तू मेहमान है!" या खेपेला बाबूजी मोहर्लीपर्यंत जाऊन मेले होते, आणि वाघ पाहायला आलेल्या लोकांना ते फुकटची माहिती देत फिरले. परत येऊन त्यांनी मास्तरांना मिठी मारली, पण चार्ज दिला नाही. का नाही, ते कोणालाच कळेना. पुढे आणखी कितीतरी घरांच्या पाळ्या झाल्या, तरी तेच. मला तर वाटू लागलं, की म्हाताऱ्याला मरायचा नाद लागला आहे.

मग एका आषाढात आमची पाळी आली. बाबूजी दारात उभे. "मी मेलो. शुक्रवारी येतो." या वेळी ते दूर निघाले होते, भामरागडला, डेपोतल्या एका जुन्या सोबत्याकडे. आषाढात भामरागडला जाऊ नये, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबूजींनाही होतं. पण सोबत्याने सागाचं एक खोड बघायला बोलावलं होतं, आणि लाकूड म्हटलं की त्यांना ऋतू दिसत नसत. ते पोचले आणि पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून गेलं. रस्ता बंद, टपाल बंद, फोन तर तसाही नव्हता.

शुक्रवारी बेबी वेणी घालून आमच्या ओट्यावर बसली. बाबूजी आले नाहीत. पुढच्या शुक्रवारीही ती बसली. शुक्रवार कोणता ते तिला कळत नसे, पण माझी बायको पंचांगासारखी तिला बरोबर सांगत असे. माझी पाचावर धारण बसली. तालीम करता करता बाबूजींनी खरंच प्रयोग लावला की काय? मी रोज बसस्टँडवर जाऊन कंडक्टरांना विचारायचो. एकजण वैतागून म्हणाला, "साहेब, नदी माह्या खिशात आहे का?"

अशात एक दिवस पावसाने झोडपलेल्या शेळ्या आमच्या ओसरीत आल्या. बेबीला दया आली. तिने त्यांना स्वयंपाकघरात घेतलं, पुसलं, आणि निवडून ठेवलेल्या तांदळाची परात पुढे केली. बायको बाजारातून आली तर हे संमेलन भरलेलं. मी बाजूच्या खोलीत पेपर वाचत होतो. शेळ्यांचा आवाज मला अग्रलेखाचा भाग वाटला असावा. बायको कडाडली, "बेबी! डोकं गहाण ठेवलं का? हाकल पयले त्याईले! अन् लेंड्या तूच झाडशील, दुसरं कोणी नाई!" बेबी भोकाड पसरून रडली. माझं काळीज पाणी झालं. मी गुपचूप झाडू घेऊन वाकलो, तो वरून आवाज आला, "तुम्ही उठा. तिचं काम तिले करू द्या. तुम्ही शेळ्याईचं करा, तुमच्या नाकासमोरून आत गेल्या त्या." मी भर पावसात शेळ्या पोचवायला निघालो. कोणती कोणाची ते मला ठाऊक नव्हतं. रडत रडत बेबीनेच दारातून सांगितलं.

पाणी उतरलं आणि बाबूजी आले. दाढी वाढलेली, चपला गेलेल्या. मी धावत पुढे झालो आणि त्यांनी विचारायच्या आधीच माफी मागितली. "बाबूजी, आमच्या हिच्या तोंडून दोन शब्द जास्त गेले. मनावर घेऊ नका."

"दोन?" बायको आतून म्हणाली. "पोटभर बोलली मी. अन् पुढंही बोलीन."

बाबूजींनी बेबीला जवळ बसवलं. "काऊन रागावली वहिनी?"

"शेळ्या आणल्या. तांदूळ चारले."

"मंग?"

"लेंड्या झाडाले लावल्या."

"जेवाले देल्लं का?"

"देल्लं. वांग्याची भाजी. मी रुसली होती. वहिनी म्हणे, रुसून जेव."

बाबूजींनी पिशवीतून अडकित्ता काढला. मग मला म्हणाले, "पुतण्यानं बर्फी चारली. मास्तरानं खुर्चीवरून उठू देल्लं नाई. पाहुणीवर कोणी रागावते का, वकीलसाहेब? अन् पाहुणीले लोक कधी ना कधी बसमध्ये बसवून देते." बायकोच्या पाठीवर टकटक करायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी उठून आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर बोट वाजवलं आणि मान डोलावली.

तोवर नवा कायदा आला होता. बेबीसारख्या मोठ्या माणसांनाही जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालक नेमून मिळू लागला होता. मी अर्ज लिहिला आणि पालक म्हणून झोकात माझं नाव टाकलं. इतकी वर्षं सल्ला देत होतो, पसंती माझीच, यात मला शंका नव्हती. समितीपुढे साहेबांनी अर्ज उलटून पाहिला. "वकीलसाहेब, नियम वाचला नाही वाटतं. बाईमाणूस आहे, एकटा पुरुष पालक चालत नाही. पत्नी लागेल, आणि मुख्य पालक तीच."

"तेच तं म्हणतो मी," बाबूजी मागून म्हणाले. "याईले सोबत ठेवा, हरकत नाई."

मी तिथल्या तिथे नाव दुरुस्त केलं आणि आमच्या घरातली माझी जागा सरकारदरबारी कायम झाली.

समितीत कुबड्या घेऊन चालणारे एक सदस्य होते. सगळे बेबीविषयी बोलत होते. ते बेबीशी बोलले. "ताई, तुम्हाला कुठं राहावंसं वाटते?"

"बाबा मेला की वहिनीकडे," बेबीने चटकन सांगितलं. "मंग शुक्रवारी बाबा येते."

लोक हसले. मीही हसलो. ते सदस्य हसले नाहीत आणि बाबूजींचा चेहरा ओल्या मातीसारखा झाला. हुकूम मिळाला, सह्या झाल्या, मृत्युपत्रातली जागा भरायला नाव मिळालं. कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा कोट धरला. "वकीलसाहेब, मी सारं केलं. पण पोरीले खोटं मरण शिकवलं. उद्या खरोखर गेलो तं ही जलमभर वेणी घालून ओट्यावर बसन."

त्या दिवसापासून त्यांचं मरणं बंद झालं आणि शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी बापलेक आमच्या ओट्यावर येत आणि जेवूनच जात. बाबूजी सुपारी कातरत विचारत, "बेबी, मी मेलो तं कुठी राहशील?"

"वहिनीकडे."

"मंग मी कधी येईन?"

"शुक्रवारी."

"नाई येत, माय. मेलेला माणूस येत नाई."

"पाणी उतरलं की येते."

रोज हाच धडा, रोज बेबी नापास. बाबूजींनी तिला मेलेली चिमणी दाखवली, वाळून गेलेलं पेरूचं झाड दाखवलं. ओळखीचं कोणी गेलं, जसा गल्लीतला गोविंदा, की ते तिला हाताला धरून नेत आणि नंतर त्या घरावरून पुन्हा पुन्हा फिरवत. "दिसते का गोविंदा कुठी?" "नाई." "बराबर. अन् मी?" "शुक्रवारी." मी मध्ये तोंड घालून काही शास्त्रीय सांगायला लागलो, की दोघंही माझ्याकडे सारख्याच दयेने पाहत.

एका संध्याकाळी, काही विशेष नव्हतं, बायको आत भाकरी थापत होती. बाबूजींनी नेहमीचं विचारलं, "मंग मी कधी येईन?" बेबी शेळीच्या कानातलं गोचीड काढत होती. वर न पाहता म्हणाली, "नाई येत."

"कोण नाई येत?"

"बाबा नाई येत. वहिनी आहे."

अडकित्ता थांबला. मी आनंदाने बाबूजींच्या पाठीवर थाप मारणार होतो, पण त्यांच्याकडे पाहून हात तसाच राहिला. बायको पदराला हात पुसत दारात आली. "पाठ झाला तिचा," बाबूजी तिला म्हणाले. मग उठले, उगीच धोतर झटकलं. "आज जेवाचं नको ठेवू, बाई. भूक नाई."

"बाबूजी, चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं," ते म्हणाले. "पण इतक्या लवकर नाई शिकाले पाह्यजे होतं."

त्यानंतरही ते बरेच दिवस होते, आणि ते शेवटपर्यंत कुठे गावाला गेले नाहीत. गेले ते एका दुपारी, आपल्या खाटेवर, कोणालाही न सांगता. आम्ही बेबीला आमच्या घरी आणलं तेव्हा ती रडली, जेवली, पुन्हा रडली. ओट्यावर काही जाऊन बसली नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही.

मी मात्र पुढे कितीतरी दिवस फाटकाची कडी वाजली की पेपर खाली करून बाहेर बघायचो. दूधवाला असे, नाहीतर वारा. बेबी तांदूळ निवडत बसलेली असे. सुपातून डोळे न काढता, न समजणाऱ्या माणसाला सांगावं तशा मऊ आवाजात ती म्हणे, "नाई येत, भाऊ."