कालच्या पोळ्यांचे टॉर्टिया चिप्स

मंडळी, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनमधली माझी मेक्सिकन हाउसमेट लुसिया कोविडमुळे खोलीत बंद आहे. तोंडाची चव गेल्यापासून तिनं जेवण जवळपास सोडलंच होतं.

आज दाराबाहेरून विचारलं, "काय खाशील?"

"टॉर्टिया चिप्स. चव नाही, निदान कुरकुरीत तरी लागतील."

मीही क्वारंटाइनमध्ये, दुकानात जाणार कशी?

ती आतून म्हणाली, "आमच्याकडे मक्याच्या शिळ्या पोळ्या कापून तळतात. चिप्स त्यातूनच आले."

मला वाटायचं, ते पाकिटातच जन्मतात. माझ्याकडे कालच्या गव्हाच्या पोळ्या होत्या. त्रिकोण कापून तळले, मीठ भुरभुरलं, ताटली दाराशी ठेवली.

थोड्या वेळानं आतून कुरुमकुरुम ऐकू आलं. मग हाक आली, "अजून आहेत?"

चव गेली तेव्हा तुम्ही काय खाल्लंत?