एक नंबरचं बटण

आमच्या गल्लीतल्या वायरमनला सगळे फ्यूजमामा म्हणतात. गाडीतली विजेची कुठलीही तक्रार घेऊन जा, गडी आधी फ्यूज बघतो, मग तुमच्या तोंडाकडे. हाताला यश आहे, स्वभावाला मात्र औषध नाही. माणूस जळतो. शेजारच्या गॅरेजचं शटर कमी करकरतं म्हणूनसुद्धा जळतो. पण ती किरकोळ जळजळ. खरी आग होती मामींच्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटला.

मामी दातांच्या दवाखान्यात कामाला. मामाशी लग्न होऊन तीन वर्षं झाली. त्यांचे पहिले यजमान वारले त्याला आठ. ते ताडमाड उंच, हे हॉलमधल्या फोटोवरूनही कळतं. आमच्या मामाला बल्ब बदलायला स्टूल लागतं, त्यावर आणखी पाटही. गाडी त्या काळातली, जुनी पण थाटाची. सीट बटणावर मागेपुढे होते आणि दोन जागा लक्षातही ठेवते. दोन नंबरवर मामी. एक नंबरवर कोण, हे मामाने एकदा चोरून दाबून पाहिलं. सीट पार मागे गेली, पाठ आडवी झाली आणि मामाचे पाय पेडलपासून वीतभर लांब राहिले. झालं! तो लांबटांग्या राजासारखा लोळत गाडी हाकायचा, आणि बायकोने त्याची जागा अजून राखून ठेवलीय, असं याने ठरवूनच टाकलं. विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर जळायचं कशावर?

गेल्या महिन्याच्या शेवटी ती सीट मागे जाऊन अडकली. मामी पाठीशी दोन उशा घेऊन कशाबशा दुकानापर्यंत आल्या. काय करायचं ते करा, पण एक नंबर पुसू नका, एवढं बजावून रिक्षाने कामावर गेल्या. मामाच्या जखमेवर मीठ.

फ्यूज शाबूत. बटण दाबलं की सीटखाली टिक् वाजायचं, म्हणजे बटणही शाबूत. मोटरला बाहेरून करंट दिला, तर सीट गुमान पुढे आली. दोष मधल्या वायरीत. सीटबरोबर वर्षानुवर्षं वाकून ती आतल्या आत तुटली होती. आता जोड द्यायचा म्हणजे आधी बॅटरी सोडवायची, हा मामाचा नेम. आणि बॅटरी सुटली की ही सीट सगळं विसरते. उपाय साधा, तेवढ्यापुरती दुसरी छोटी बॅटरी लावून ठेवायची. ती समोर फळीवरच होती, चार्ज करून ठेवलेली. मामाने तिच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. त्या दिवशी तो शीळ घालत काम करत होता.

संध्याकाळी मामींनी दोन दाबला, मग एक. सीट ढिम्म. बॅटरी काढावी लागते गं, मामा म्हणाला, इलाज नसतो.

"मागे आमच्या डॉक्टरांच्या गाडीला दुसरी बॅटरी लावली होतीत. मग बायकोच्या गाडीला का नाही?"

मामाचा चेहरा पडला. मग जे तुंबलं होतं ते सगळं बाहेर आलं: त्या माणसाचे पाय, त्याचं लोळणं, तीन वर्षं त्याच्या जागेशेजारी पाहुण्यासारखं बसणं.

मामी शांतपणे ऐकत होत्या. "अहो, त्यांना गाडी चालवायला येतच नव्हती," त्या म्हणाल्या. "जन्मभर मीच नेलं-आणलं. एक नंबरही माझाच आहे. दवाखाना एक ते तीन बंद असतो. मी गाडीत झोपते. दुपारी मी कुठे असते, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

मेलेल्याच्या टांगा वितीने मोजल्या, आणि जितीजागती बायको दुपारी कुठे पाठ टेकते, याचा पत्ता नाही. मामी सीटवर आडव्या झाल्या, आणि मामा दारापाशी गुडघे टेकून बटण धरून बसला. थोडं मागे. अजून. हं, आता इथेच ठेवा.

तुम्हाला वाटेल, मिटलं. छे! आता हा रोज सव्वाच्या सुमाराला दवाखान्यावरून चक्कर मारतो आणि काचेतून बघतो. काल माझ्याकडे येऊन तोंड पाडून म्हणाला, ती झोपेत हसते हो. स्वप्नात कोण येत असेल?

मी म्हटलं, उंच माणूस असेल.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.