डॉक्टरांना पेशंट करणाऱ्या बाई

परुळेकरबाईंच्या वर्गाला डॉक्टर मंडळी धुतलेले मोजे घालून येत. त्याला कारण होतं. "ऊठ रे, वर ये," असं फर्मान कुणालाही, केव्हाही सुटे. मग तो एम.बी.बी.एस. गृहस्थ सगळ्यांदेखत टेबलावर अनवाणी आडवा होई आणि बाई आपल्या घराच्या किल्लीने त्याच्या तळव्यावर रेघ ओढत. अंगठा खाली वळला तर सुटका. "मेंदू ठीक आहे. वापर मात्र कमी दिसतो," असं प्रशस्तिपत्र मिळे आणि पुढच्याला बोलावणं जाई.

गोष्ट ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी घाटकोपरला नुकताच दवाखाना थाटला होता. डॉ. नलिनी परुळेकर शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ, राहायला मुलुंडला. महिन्यातल्या एका रविवारी त्या आम्हा उपनगरी फॅमिली डॉक्टरांना शिकवत, तेही फुकट. जागा म्हणजे घाटकोपरच्या एका प्राथमिक शाळेतला दुसरीचा वर्ग. बाकं दुसरीच्या मापाची आणि आम्ही आमच्या मापाचे. मुलुंड-चेंबूरची भारदस्त माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसत. कुणी हॉल घेऊ या म्हटलं की बाई म्हणत, "नको. इथे बसलात म्हणजे शिकायला आलोय, हे तुमच्या ध्यानात राहतं."

बाई ठेंगण्या, मूळच्या मालवणकडच्या. 'मेल्यांनो' हा त्यांचा लाडाचा शब्द. खरोखर रागावल्या की पुरत्या मालवणीत शिरत. 'वीकनेस' या शब्दाशी त्यांचं उभं वैर होतं. "पाय लटपटतात, वीकनेस. मुंग्या येतात, वीकनेस. अरे, वीकनेस हे निदान नव्हे, ती तुमची फी आहे!"

डॉ. सामंत त्यांचं आवडतं गिऱ्हाईक. धिप्पाड देह, झुपकेदार मिशा आणि घाटकोपरात दांडगी प्रॅक्टिस. कोकणातून आलेली कितीतरी घरं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. तापापासून सोयरिकीपर्यंत 'सामंत डॉक्टर म्हणाले' की विषय मिटला. बाईंनी मल्टिपल स्क्लेरोसिस शिकवायला घेतला त्या रविवारी सामंत मागून म्हणाले, "बाई, तो गोऱ्या लोकांचा आजार. आपल्याकडे कुठे?"

"का रे? त्याला व्हिसा मिळत नाही?"

वर्ग हसला. मग बाईंनी तो आजार असा सांगितला की आजही विसरत नाही. "मेंदूपासून निघालेल्या वायरी आहेत. त्यांच्यावरचं रबर जागोजागी उंदराने कुरतडलंय. आज डोळ्याची वायर, दोन वर्षांनी पायाची. दिवा कधी लागतो, कधी विझतो. आणि तुम्ही मेले दिव्यालाच नाटकी म्हणता."

वर्ग सुटल्यावर मी त्यांना स्कूटरवरून सोडायला निघालो. फाटकापाशी त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुला एक सांगते, पोटात ठेव." सुमन नावाची एक तरुण सून त्यांच्याकडे तपासायला आली होती. हातात सामंतांची चिठ्ठी होती, 'हिस्टेरिया'. तिच्या तक्रारी येत आणि आपोआप जात, त्यामुळे घरात ती कामचुकार ठरली होती. सासू तिला कायमचं माहेरी धाडायला निघाली होती. बाईंनी सगळं तपासून, आज शिकवला तोच आजार आहे, सोंग नाही, म्हणून सांगितलं, तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या सामंत डॉक्टरांना विचारते."

"मग सामंतांना फोन करा की!"

"केला तर तो 'हो बाई, हो बाई' म्हणेल आणि तिथे जाऊन गुळमुळीत बोलेल. त्याला आतून पटायला हवं. सासूकडून मी पुढच्या वर्गापर्यंतची मुदत घेतलीय, तोवर पोरीला हलवायची नाही." मग मिश्कीलपणे डोळे बारीक करत म्हणाल्या, "सुमनला विचारलंय मी. नाव घेऊ नका, बाकी काय हवं ते सांगा म्हणाली. तू नुसता बघ."

पुढच्या वर्गात बाईंनी सामंतांना पुढे बोलावलं. किल्ली काढली नाही. "आज हा पेशंट. मी कानात सांगेन तसं हा बोलेल. तुम्ही निदान करायचं." आणि स्वतःचा रुमाल त्यांच्या डोक्यावर पदरासारखा टाकून जाहीर केलं, "ही सव्वीस वर्षांची सून."

त्या मिशांवर तो रुमाल! आम्ही बाकांवरून पडायचे बाकी होतो. सामंतही रंगात आले. बारीक आवाज काढून लाजत म्हणाले, "लग्नाआधी डावा डोळा दुखला हो. महिनाभर अंधुक दिसायचं, मग आपलं आपण बरं झालं."

"चष्मा बदला!" मुलुंडचा एक जण ओरडला.

"कंबरेखाली मुंग्या येतात."

"वीकनेस!" अख्खा वर्ग कोरसमध्ये.

"मान खाली घातली की पाठीतून करंट जातो."

"इलेक्ट्रिशियनला दाखव गं!"

बाई पुन्हा त्यांच्या कानाशी लागल्या. या वेळी सामंतांचा बारीक आवाज गेला. "दिवाळीत, पहिल्या दिवशी," ते सावकाश म्हणाले, "बंबाच्या कढत पाण्याने अभ्यंगस्नान केलं. बाहेर आले तर रांगोळीचे रंग फिके दिसायला लागले. पायांत जोर नाही. खाली बसले. फराळ मांडून होईपर्यंत सगळं ठीक."

"फराळ मांडायचा कंटाळा, दुसरं काय!"

"सासू नावाची ॲलर्जी!"

"नाटक करते यार ही!"

"नाटक नाही!" सामंतांनी टेबलावर हात आपटला. "तिला खरंच दिसत नव्हतं."

दिवाळीच्या त्या सकाळी बोलावणं गेलं होतं ते सामंतांनाच. ते पोचेपर्यंत सुमन चालायला लागली होती, म्हणून त्यांनी ते सोंग ठरवलं होतं. हे बाईंनी मला फाटकापाशीच सांगितलं होतं; बाकी वर्गाला त्याचा पत्ता नव्हता. बाई अगदी मऊपणे म्हणाल्या, "आधीच सोललेली वायर. अंग तापलं की जास्त बिघडते, गार झालं की परत चालू. या आजाराची ही जुनी खूण आहे."

सामंतांच्या डोक्यावर रुमाल तसाच होता. "पण बाई, तिच्या सासूला कोण समजावणार?"

"माका काय इचारतस, सामंता? तिका तुझाच पटता."

त्या दिवशी सामंतांनी वर्गानंतरच्या नेहमीच्या बटाटेवड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला म्हणाले, "स्कूटर काढ." सुमनच्या घरी दाराशी बांधलेली ट्रंक होती. सुमन आत भिंतीला टेकून बसली होती. सामंत उभ्या उभ्याच सासूला म्हणाले, "मावशी, हिचं सगळं खरं होतं. मी ओळखलं नाही. चूक माझी."

"म्हणजे आता बरी होईल?"

"पुरती नाही सांगता येत. मधे मधे बरी राहील, मधे मधे बिघडेल. बिघडली की इंजेक्शनं देऊ. कढत पाणी नको, उन्हात दमवू नका. पण खोटेपणा नाही, मावशी. शपथ."

सासू म्हणाली, "तुमच्या शब्दावर मी हिला काय काय बोललेय." म्हातारी उठली आणि ट्रंकेची दोरी सोडायला लागली. भिंतीपाशी सुमनने पहिल्यांदा मोठ्याने रडून घेतलं.

बाईंनी वर्गात ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. सामंत मात्र डोळा चोळणारा प्रत्येक माणूस त्यांच्याकडे धाडू लागले. शेवटी बाईच वैतागल्या, "अरे मेल्या, एखाद्याच्या डोळ्यात नुसता कचराही असू दे की!"

दशक सरता सरता बाई अचानक गेल्या. हृदयाने दगा दिला. शोकसभा त्याच दुसरीच्या वर्गात झाली. सामंत बोलायला उभे राहिले. "बाईंनी मला काय शिकवलं," एवढंच म्हणाले आणि दाराकडे बघून थांबले. सुमन आली होती. एका हातात काठी, दुसरा हात सासूच्या खांद्यावर. खोलीत दाटीवाटी, उकडत होतं. सामंत बोलणं टाकून खाली उतरले, दोन डॉक्टरांना उठवलं आणि त्या दोघींना पंख्याखाली बसवलं. ते परत टेबलाकडे गेलेच नाहीत. तिथेच, सुमनशेजारी उभे राहिले. मला त्या क्षणी फार वाटलं, हे बघायला बाई हव्या होत्या.