समोरच्या दारातल्या चपला

समोरच्या काकूंच्या दारात काकांच्या चपला अजून असतात. काका जाऊन वर्ष होत आलं. काकू एकट्या राहतात. दारात पुरुषाच्या चपला दिसल्या की अनोळखी माणूस जरा बिचकतो, म्हणून त्यांनी त्या तशाच ठेवल्यात. एकट्या बायका असं करतातच.

काल एका इंग्रजी भुताच्या गोष्टीचं भाषांतर करताना मी 'हॉन्ट' या शब्दावर अडले. झपाटणं, पछाडणं, काहीही लिहिलं तरी मन मानेना. शेवटी जाडा शब्दकोश काढला. त्यात भूत फार उशिरा आलं होतं. आधी या शब्दाचा अर्थ नुसता एखाद्या जागी वारंवार येत राहणं एवढाच होता. आणि त्याच्याही मागे, बहुधा, घरी आणणं. म्हणजे मुळाशी घरच. ज्याला आपण घाबरतो, त्याला बिचाऱ्याला नुसतं घरी यायचं असेल तर?

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर काकू उंबऱ्यात बसून ओल्या फडक्याने चपला पुसत होत्या.

"रोज पुसता?" मी विचारलं.

"धूळ बसली की लोकांना कळतं गं, कुणी घालत नाही ते."

पुसून झाल्यावर त्यांनी चपला खाली ठेवल्या. इतके दिवस त्यांची तोंडं जिन्याकडे असायची, बाहेर निघणाऱ्याने पायात सरकवाव्यात तशी. आज काकूंनी ती दाराकडे वळवली, नुकतंच कुणी आत गेल्यासारखी. मग त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

कडी लावल्याचा आवाज काही आला नाही.