पहिला सलाम

माझे सासरे, आमचे आब्बा, पुस्तकं बांधतात. बोटांना कायम खळ आणि तोंडात कायम सलाम. गल्लीत त्यांच्याआधी कुणी सलाम करून दाखवावाच! आधी करणाऱ्याला पुण्य जास्त, असं ते म्हणतात. मला विचाराल तर पुण्यापेक्षा जिंकायची हौस दांडगी. समोरचा न्हावी तीस वर्षं त्यांना हरवायला टपलेला, पण एकदाही जमलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मोतीबिंदू झाला. कबूल करतील तर शपथ! शाळेचं अख्खं हजेरीपुस्तक उलटं शिवलं, तेव्हाही दोष बिचाऱ्या दिव्याला.

मग तो मंगळवार उजाडला. दुपारनंतरच्या नमाजाला आब्बा जरा आधीच मशिदीत पोचले. न्हावी गुडघे मोडून बसलेला त्यांना अंधुक दिसला. "अस्सलामु अलैकुम!" उत्तर नाही. पुन्हा, मोठ्याने. तिसऱ्यांदा तर सगळे वळून बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "चाचा, तो नमाजात आहे."

जमातीबरोबर, म्हणजे सगळ्यांसोबत रांगेत, नमाज उरकून ते सगळ्यांच्या आधी बाहेर पडले आणि घरी येऊन मटकन बसले. "नमाज पढणाऱ्याला सलाम करू नये, त्याला उत्तर देता येत नाही, हे मी अख्ख्या गल्लीतल्या पोरांना शिकवलं. आणि मीच!"

त्यानंतर मशिदीत जाणं बंद. तापातही जमात न चुकवणारा माणूस चार दिवस कागद कापायच्या यंत्राशेजारी एकटाच नमाज पढत होता. धड जेवेनात, माझ्याशी भांडेनात. आता हे कायमचंच घरात बसणार, असं मला वाटायला लागलं.

शनिवारी न्हावी दारात. खांद्यावर टॉवेल तसाच. चिडवायला आला असेल म्हणून मी मुद्दाम दार अडवून उभी राहिले. तो माझ्या डोक्यावरूनच म्हणाला, "व अलैकुम अस्सलाम, चाचा!"

"मी कुठे सलाम केला?" आब्बा आतून गुरगुरले.

"मंगळवारी केलात की. नमाज संपवून बघतो तर तुम्ही गायब. मग मला सासुरवाडीला जावं लागलं, आज आलो. उत्तर द्यायचं राहिलंय." आणि त्याने ते आणखी दोनदा दिलं. सलाम तीन होते ना!

आब्बा दारापर्यंत आले. मग म्हणाले, "मला दिसत नाही रे."

हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं.

"रांगेत बघायचं काय असतं? खांद्याला खांदा लागला की झालं. उठा, वुजू करा."

आब्बा उठले. वुजूसाठी हातपाय धुताना मला म्हणाले, "सूनबाई, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेव." मी लगेच नंबर शोधायला घेतला.

दोघं निघाले तशी मी खिडकीत गेले. समोरून बेकरीवाला येत होता. न्हावी वाकून आब्बांच्या कानात काहीतरी पुटपुटला, आणि बेकरीवाल्याने तोंड उघडायच्या आत आब्बांचा सलाम गल्लीभर दणाणला.